कॅबिनेट बदलायचंय? आधी एसएमपीएसच्या पिना मोजा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीत नेहरू प्लेसला दुकानांच्या मागच्या खोल्यांमध्ये छतापर्यंत रचलेले काळे डबे दिसतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर. बँका, विमा कंपन्या, कॉल सेंटरं असे शेकड्यांनी कॉम्प्युटर भाड्यानं किंवा करारानं घेतात, तीन ते पाच वर्षं वापरतात आणि मग लॉटच्या लॉट बाहेर काढतात. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची, काहीही न बिघडलेली यंत्रंसुद्धा ऑफिसांच्या दृष्टीनं म्हातारी झाली. घरच्या माणसासाठी हा चांगला सौदा आहे. दणकट बोर्ड, बरा प्रोसेसर, पुरेशी रॅम, आणि सगळं मिळून नव्या मशीनच्या मानानं फारच कमी पैशांत.

अडचण पुढे येते. मुलाला ग्राफिक्स कार्ड हवं असतं आणि ते डब्यात मावत नाही. किंवा आणखी दोन हार्ड डिस्क लावायच्या असतात आणि जागा नसते. किंवा, खरं बोलायचं तर, बाजूला काच आणि आत रंगीत दिव्यांचे पंखे असलेलं कॅबिनेट हवं असतं. मग विचार सुचतो: आतले पार्ट काढायचे, नव्या कॅबिनेटमध्ये बसवायचे, संपलं. दुकानदारही म्हणतो, ‘बसेल की.’ बोर्ड बहुतेक वेळा बसतोही. मग स्क्रू आवळून झाले की लक्षात येतं, नव्या कॅबिनेटच्या बटणाची वायर लावायला बोर्डावर जागाच नाही.

असं का होतं ते समजायला थोडं मागे जावं लागतं. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाचं मोजमाप जाहीर केलं. बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, त्याची भोकं अमुक ठिकाणी, मागच्या बाजूला पोर्टांसाठी १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटरची चौकट, वीज अमुक आकाराच्या प्लगमधून. १९९७ मध्ये त्याचं धाकटं रूप आलं, मायक्रो-एटीएक्स, २४४ बाय २४४ चं. आज बाजारात कुठल्याही कंपनीचा बोर्ड कुठल्याही कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो तो या कागदामुळे. पण हा कागद कोणासाठी होता? बोर्ड एकाकडून, कॅबिनेट दुसऱ्याकडून आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, तिसऱ्याकडून घेणाऱ्यांसाठी. जी कंपनी अख्खं यंत्र स्वतः बांधते आणि लाखांनी विकते, तिला हे बंधन पाळायचं कारणच नसतं. एका कंपनीच्या कुकरचं झाकण दुसरीच्या कुकरला बसत नाही म्हणून आपण तक्रार करत नाही, तसंच हे.

या वेगळेपणाचा एक वाईट नमुना डेलनं १९९० च्या दशकाच्या शेवटी घालून दिला होता. त्या काळच्या त्यांच्या अनेक मशीनमध्ये वीजपुरवठ्याचा प्लग दिसायला हुबेहूब एटीएक्सचा, वीस पिनांचा. आतल्या वायरींचा क्रम मात्र निराळा. लोकांनी बाजारातला साधा एसएमपीएस आणला, प्लग सहज बसला आणि बोर्ड किंवा एसएमपीएस जळाला. त्या मानानं आजची पद्धत सभ्य म्हणायची. आता पिनांची संख्याच वेगळी असते, त्यामुळे बाजारातल्या एसएमपीएसचा चोवीस पिनांचा प्लग आत जातच नाही.

दुसरी गोष्ट बीटीएक्सची. पेंटियम ४ च्या अखेरच्या वर्षांत प्रोसेसर इतके तापायला लागले की इंटेलनं २००४ मध्ये बोर्डाची मांडणीच बदलू पाहिली. हवा पुढून शिरेल, सरळ प्रोसेसरवरून जाईल आणि मागून बाहेर पडेल, अशा रेषेत सगळे गरम भाग बसवायचे. डेलनं ही मांडणी आपल्या ऑफिसच्या यंत्रांत वापरलीही. पुढे कमी तापणारे प्रोसेसर आले आणि २००६ मध्ये इंटेलनं बीटीएक्सचा नाद सोडला. मोजमाप गेलं, कल्पना राहिली. आजही ऑफिसचा डबा उघडलात तर प्रोसेसरवर प्लास्टिकचा बोगदा दिसतो, आणि तोच एक पंखा प्रोसेसर गार करता करता आजूबाजूच्या भागांवरूनही हवा फिरवतो. बोर्डावर वीज नियंत्रित करणाऱ्या चिप अनेकदा उघड्या असतात, त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा ठोकळा नसतो, कारण बोगद्यातली हवा त्यांच्यावरून जाणार हे बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं.

म्हणजे तो काळा पत्र्याचा डबा नुसता डबा नाही, यंत्राचाच एक भाग आहे. पार्ट काढून दुसरीकडे लावताना हा एक भाग आपण मागे सोडत असतो आणि तो काय काय कामं करत होता ते एकेक करून पुढे येत जातं.

सगळ्यात मोठं काम विजेचं. उदाहरणाला डेलचं ऑप्टिप्लेक्स ९०२० घेऊ. २०१३ च्या सुमाराचं, इंटेलच्या चौथ्या पिढीचं हे मशीन जुन्या बाजारात वर्षानुवर्षं खपत आलं आहे. त्याच्या आधीच्या ७०१० मध्ये बोर्डाला नेहमीचा चोवीस पिनांचा प्लग होता. ९०२० मध्ये त्या जागी आठ पिना आल्या. एचपीच्या एलिटडेस्क ८०० जी१ मध्ये सहा. लेनोवोच्या काही मॉडेलांत चौदा, नंतरच्यांत दहा. यामागे ग्राहकाची अडवणूक होती असं म्हणायला सोपं आहे, पण मुख्य कारण दुसरं आहे.

चोवीस पिनांच्या जुन्या पद्धतीत एसएमपीएस तीन मुख्य दाब पुरवतो: १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट. शिवाय यंत्र बंद असताना बटणाची वाट पाहण्यासाठी ५ व्होल्टचा एक बारीक धागा चालू राहतो. ऑफिसचं मशीन दिवसाचा बराच वेळ काहीच करत नसतं. एक्सेलची फाइल उघडी ठेवून माणूस चहाला गेलेला असतो. अशा कमी भाराला तीन-तीन दाब तयार ठेवणं फुकट जातं, आणि एनर्जी स्टारसारख्या मानकांत रिकाम्या यंत्रानं खाल्लेली वीज मोजली जाते. म्हणून कंपन्यांनी ठरवलं, एसएमपीएसनं फक्त १२ व्होल्ट द्यायचे, बाकीचे दाब बोर्ड स्वतः जागेवर बनवेल. वायरी कमी, तांबं कमी, उष्णता कमी. पुढे २०२० च्या सुमारास इंटेलनंही याच विचाराचं दहा पिनांचं खुलं मोजमाप काढलं, पण घरगुती बाजारानं त्याला फारसं जवळ केलं नाही.

याचा आपल्या कामावर होणारा परिणाम असा. नवा साधा एसएमपीएस लावायचा तर मध्ये चोवीसचे आठ करणारी जोडवायर लागते. ती ऑनलाइन स्वस्तात मिळते. तिच्यात प्लगाजवळ एक छोटी पट्टी गुंडाळलेली दिसेल, ती शोभेची नाही. डेलच्या बोर्डाला यंत्र बंद असतानाही ११-१२ व्होल्टच्या आसपासचा धागा हवा असतो. साध्या एसएमपीएसकडे तो ५ व्होल्टचाच असतो. ती पट्टी ५ चे १२ च्या जवळपास करते. ज्या जोडवायरीत ती नाही, ती त्या बोर्डाच्या कामाची नाही. आणि एका मॉडेलची जोडवायर दुसऱ्याला चालेल असं कधीही समजू नये. एचपीचा सहा पिनांचा प्लग तर ग्राफिक्स कार्डाच्या सहा पिनांच्या प्लगचा सख्खा भाऊ वाटावा असा दिसतो, पण आतल्या वायरींचा हिशेब पूर्ण वेगळा. प्रोसेसरशेजारचा चार पिनांचा १२ व्होल्टचा प्लग मात्र बहुतेक मशीनमध्ये नेहमीचाच असतो, तो नव्या एसएमपीएसमधून थेट लावता येतो.

या नव्या पद्धतीच्या डब्यांत हार्ड डिस्कची वीजही एसएमपीएसमधून न येता बोर्डावरच्या छोट्या सॉकेटमधून येते. त्या सॉकेटची ताकद एक-दोन डिस्क आणि एका डीव्हीडीपुरती. नवा एसएमपीएस आणलाच असेल तर डिस्कना त्याच्याच साटा वायरी द्याव्यात, बोर्डावर भार टाकू नये.

काही हौशी लोक जुन्या एसएमपीएसचं झाकण उघडून त्याच्या वायरी लांब करतात किंवा नव्याला जोडतात. यात हौस वगैरे काही नाही, हा जिवाशी खेळ आहे. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या घरात दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो.

विजेनंतर बटण. बाजारातल्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूनं दोन-दोन वायरींचे सुटे प्लग येतात: एक चालू करायच्या बटणाचा, एक दिव्याचा, एक डिस्कच्या दिव्याचा. ऑफिसच्या बोर्डावर त्यांना जागा सापडत नाही. डेलच्या बटणाचा दिवा दोन रंगांचा असतो, बिघाड काय आहे ते तो लुकलुकून सांगतो, आणि हे सगळं एका खास छोट्या प्लगमधून चालतं. यावर साधा उपाय आहे. मल्टिमीटर घ्यायचा, आवाज करणाऱ्या खुणेवर ठेवायचा, जुन्या बटणाच्या प्लगमधल्या दोन-दोन वायरींना टोकं लावून बटण दाबत जायचं. ज्या जोडीला दाबल्यावरच आवाज येतो आणि सोडल्यावर थांबतो, ती बटणाची जोडी. बोर्डावर त्याच दोन पिनांना नव्या कॅबिनेटच्या बटणाची वायर जोडायची. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी वापरतात त्या जंपर वायरी पुरतात. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात त्या सहज मिळतात. दिव्यांचा नाद मी तरी धरणार नाही. नव्या कॅबिनेटचा दिवा पेटला नाही म्हणून काही अडत नाही, आणि चुकीच्या पिनेला हात लावण्याची जोखीम टळते.

एवढं करून यंत्र चालू होतं, पण विंडोजपर्यंत पोहोचत नाही. पडद्यावर इशारा येतो. डेल सांगतं, पुढच्या पॅनेलची केबल सापडत नाही, एफ१ दाबा. एचपी आकड्यांत बोलतं: ९१७ म्हणजे पुढचा ऑडिओ जोडलेला नाही, ९१८ म्हणजे पुढचं यूएसबी जोडलेलं नाही, ५१२ म्हणजे मागचा पंखा सापडत नाही, आणि ९१२ म्हणजे मागच्या वेळेनंतर कुणीतरी झाकण काढलं होतं. ऑफिसच्या दृष्टीनं हे सगळं उपयोगाचं आहे. पाचशे यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाला कुठल्या डब्याशी कोणी छेडछाड केली ते कळायला हवं असतं. आपल्याला मात्र प्रत्येक वेळी एफ१ दाबावं लागतं. यंत्र माळ्यावर ठेवून त्याचा घरगुती सर्व्हर करायचा बेत असेल तर बेत फसलाच. लाइट जाऊन आली की ते कीबोर्ड नसलेल्या अवस्थेत एफ१ ची वाट बघत बसतं. इंटरनेटवर दोन पिना जोडून यंत्राला फसवण्याच्या युक्त्या सापडतात. त्यापेक्षा भक्कम उपाय म्हणजे जुन्या डब्याच्या पुढच्या पोर्टांची मूळ पट्टी केबलसकट काढून आणायची आणि नव्या कॅबिनेटमध्ये कुठेतरी पक्की बसवून टाकायची. पट्टीच्या खालचे सांधे कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू द्यायचे नाहीत, एवढी काळजी घेतली की झालं. दिसायला ओबडधोबड, पण बोर्ड खूश.

पंख्याचंही तेच. बाजारातला पंखा चार पिनांचा असतो: १२ व्होल्ट, अर्थ, वेग कळवणारी वायर आणि वेग ठरवणारी वायर. डेलच्या अनेक बोर्डांवर पाच पिना असतात; त्यातल्या जास्तीच्या पिनेवरून समोर कोणत्या प्रकारचा हीटसिंक आहे हे बोर्डाला कळतं. ते कळलं नाही तर बोर्ड पंख्याच्या बिघाडाचा इशारा देतो किंवा पंखा पूर्ण वेगानं सोडतो, आणि मग काचेच्या कॅबिनेटमधून विमान उडाल्यासारखा आवाज येत राहतो. शिवाय पिनांचा क्रमही प्रत्येक ठिकाणी एकच असेल असं नाही. म्हणून इथेही मूळ पंखा आणि मूळ हीटसिंक शक्य तिथे सोबत न्यावा.

‘शक्य तिथे’ अशासाठी, की काही मॉडेलांत हीटसिंकचे स्क्रू बोर्डातून आरपार जाऊन डब्याच्या पत्र्यातच बसलेले असतात. बोर्ड उचलला की त्यांना धरायला खाली काहीच नसतं. मग नवा कूलर आलाच, स्वतःची पाठपट्टी असलेला. चौथ्या ते सातव्या पिढीच्या इंटेल सॉकेटला कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर असतं, त्यामुळे बाजारातले बरेच कूलर बसतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावणं हे तर कॅबिनेट न बदलताही करावं असं काम आहे. आठ-दहा वर्षांच्या यंत्रात ती वाळून खडूसारखी झालेली असते. आणि बोगदा गेला म्हणून त्या उघड्या चिपांकडे तोंड करून एक पंखा लावायला विसरू नये. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, खोलीतच चाळीस अंश असताना, ही हवा चैनीची गोष्ट राहत नाही.

बोर्डाच्या भोकांबाबत एक जुनी, फुकटची रीत सांगतो. बोर्ड वर्तमानपत्रावर ठेवायचा, पेन्सिलनं प्रत्येक भोकाची खूण करायची, कागद नव्या कॅबिनेटच्या पत्र्यावर धरायचा. मिनी टॉवरमधले बोर्ड बहुधा मायक्रो-एटीएक्सच्या जवळपास असतात. बरीचशी भोकं जुळतात, एखाददुसरं जुळत नाही. जुळलं नाही तिथला पितळी खांब काढून टाकायचा. हे फार महत्त्वाचं आहे. बोर्डाखाली भलत्या जागी राहिलेला एक खांब मागच्या सांध्यांना टेकला तर शॉर्ट होतो, आणि या प्रकारात बोर्ड जातो तो बहुतेक याच कारणानं.

मागची पोर्टांची चौकटही तपासावी. सुट्या बोर्डाबरोबर पत्र्याची एक पट्टी येते, ती कॅबिनेटच्या चौकटीत बसते. ऑफिसच्या डब्यात अशी सुटी पट्टी बहुधा नसते. पोर्टांची भोकं डब्याच्या पाठीलाच पाडलेली असतात. म्हणजे नव्या कॅबिनेटच्या पाठीला मोठं आयताकृती भगदाड राहतं. त्यातून धूळ जाते, आणि आपल्याकडे पाल आणि झुरळंही जातात. पातळ ॲल्युमिनियमची पट्टी कापून लावता येते, किंवा निदान जाळी.

इतकं वाचून झाल्यावर कुणी विचारेल, मग करायचं की नाही? माझं मत असं. स्लिम, म्हणजे एसएफएफ डबा असेल तर नाहीच. त्याचा बोर्ड बऱ्याचदा वेड्यावाकड्या कापाचा, काही ठिकाणी कार्ड आडवं बसवणारा, आणि भोकं कुठल्याच मोजमापात न बसणारी. त्यात ग्राफिक्स कार्डच हवं असेल तर कमी उंचीची कार्डं मिळतात: जीटीएक्स १६५० ची काही रूपं, आरएक्स ६४००, २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीचं रूप. ती सगळी स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटच्या आत चालतात. फक्त काही स्लिम मॉडेलांत स्लॉटला तेवढी वीज द्यायची मुभा नसते, तेव्हा कार्ड घेण्यापूर्वी त्या मॉडेलची कंपनीची पुस्तिका उघडून बघावी. हातात मावणाऱ्या, बाहेरच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या मिनी यंत्रांत तर हलवण्यासारखं काही नसतंच.

मिनी टॉवर असेल तर आधी स्वतःला विचारावं, मूळ डब्यात नेमकं काय मावत नाही. ९०२० च्या मिनी टॉवरचा एसएमपीएस २९० वॉटचा आहे, ७०१० च्या मिनी टॉवरचा २७५ चा. वेगळा वीज प्लग न लागणारं जीटीएक्स १६५० त्यावर आरामात चालतं, आणि पूर्ण उंचीचं कार्ड त्या डब्यात मावतंही; फक्त लांबी मोजून घ्यायची. म्हणजे निम्म्या लोकांना कॅबिनेट बदलण्याची गरज नसते. उरलेल्यांपैकी ज्यांच्याकडे ७०१० सारखं चोवीस पिनांचं यंत्र आहे त्यांना हे काम सोपं जातं. आठ किंवा सहा पिनांवाल्यांना जोडवायर, नवा एसएमपीएस, कॅबिनेट आणि कदाचित कूलर असा खर्च धरावा लागतो. बेरीज केली तर ती बऱ्याचदा मूळ जुन्या यंत्राच्या किमतीपुढे जाते.

त्यापेक्षा एक मधला रस्ता आहे आणि मला तो जास्त शहाणपणाचा वाटतो: बोर्ड सोडून बाकीचं हलवायचं. चौथ्या पिढीचा प्रोसेसर असेल तर बाजारात मिळणारा एच८१ चा बोर्ड, सहाव्या-सातव्या पिढीचा असेल तर एच११०. हे खऱ्या मायक्रो-एटीएक्स मापाचे, चोवीस पिनांचे, साध्या बटणाचे असतात. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी नव्या घरी जातात आणि वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या कटकटी मिटतात. रॅम तेवढी बघून घ्यावी. चौथ्या पिढीला डीडीआर३, सहाव्या-सातव्या पिढीला बहुतेक ठिकाणी डीडीआर४, आणि खाच वेगळी असल्यानं एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एच११० घेताना सातव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर बोर्डाचं बायोस नवं आहे ना, हेही विचारावं.

या रस्त्याला एक खर्च आहे. विंडोज ८ च्या काळापासून ब्रँडेड यंत्राच्या विंडोजची किल्ली बोर्डाच्या चिपमध्येच लिहिलेली असते. कॅबिनेट, एसएमपीएस, डिस्क काहीही बदललं तरी परवाना चालू राहतो, पण बोर्ड बदलला की तो जुन्या बोर्डाबरोबर मागे राहतो. नव्या बोर्डासाठी विंडोज वेगळं घ्यावं लागेल, किंवा लिनक्स टाकावं लागेल. जुना बोर्ड मात्र त्याच्या मूळ डब्यातून काढूच नये. मूळ एसएमपीएस, पंखा आणि पुढची पट्टी जागच्या जागी असलेल्या ऑप्टिप्लेक्समध्ये एखादा स्वस्त आयथ्री प्रोसेसर आणि चार जीबी रॅम घातली की ते पुन्हा विकण्याजोगं यंत्र होतं. सुट्या बोर्डाला मात्र ज्याचा त्याच मॉडेलचा बोर्ड जळलाय असं गिऱ्हाईक शोधावं लागतं.